टर्बो आणि ट्रोकसचे शंख: ओळखताना व जपताना या चुका टाळा

अंदमान-निकोबारच्या प्रवाळखडकांवर राहणाऱ्या टर्बो मार्मोरेटस आणि ट्रोकस निलोटिकस या दोन मोठ्या समुद्री गोगलगायींचे शंख आतल्या मौक्तिक, म्हणजे मोत्यासारख्या चकाकणाऱ्या, थरासाठी नावाजलेले आहेत. ट्रोकसपासून प्रामुख्याने बटणे बनत, तर टर्बोचे तुकडे जपानमध्ये लाखकामात जडवले जात. जुन्या संग्रहातला असा शंख ओळखताना चकाकीवर भरवसा ठेवणे ही सर्वांत मोठी चूक होय, कारण ती दोन्हींत असते आणि पॉलिशसाठी बाहेरचा थर काढला की रंगाच्या सर्व खुणाही पुसल्या जातात.

म्हणून आधी आकार पाहावा. ट्रोकसचा शंख सरळ कडांच्या शंकूसारखा असून त्याचे बूड जवळजवळ सपाट असते; न घासलेल्या नमुन्यावर पांढऱ्या रंगात तांबूस-जांभळे तिरके पट्टे दिसतात. टर्बोचा शेवटचा वेढा मात्र चांगलाच फुगीर, तोंड गोल आणि खांद्यावर गाठींची रांग असते. पॉलिशमध्ये या गाठी झिजल्या, तरी बोट फिरवल्यावर उंचवटे बहुधा जाणवतात.

टर्बोचा हिरवा रंग बाहेरच्या थरापुरताच असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आतला थर रुपेरी असतो. तिथेच गडद निळी-हिरवी झाक असेल, तर तो शंख ॲबलोन या दुसऱ्या समुद्री गोगलगायीचा आहे का, हे कडेजवळच्या छिद्रांच्या रांगेवरून तपासावे. देवघरातल्या शंखात मात्र अशी झळाळी शोधू नये. त्याची आतली बाजू चिनीमातीसारखी असते, तिथे मौक्तिक थर नसतोच.

शंखाचे तोंड बंद करणारे टर्बोचे झाकण चुनखडीचे, पांढरे आणि हाताला जड लागणारे असते, त्यामुळे ते सुटे सापडल्यास गोटा समजून टाकून दिले जाते. ते उलटे करावे: सपाट बाजूवर वेटोळ्याची रेषा दिसेल. ट्रोकसचे झाकण पातळ, तपकिरी व शिंगासारखे असते.

स्वच्छतेसाठी लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड मुळीच वापरू नये. मौक्तिक थर कॅल्शियम कार्बोनेटच्या, मायक्रॉनहूनही पातळ चकत्यांच्या राशींनी बनतो आणि प्रकाशाचा खेळ त्या राशींमुळेच दिसतो. ॲसिडने त्या विरघळल्या की पृष्ठभाग खडूसारखा निस्तेज होतो आणि पुन्हा घासून खालचा थर उघडा करण्यावाचून उपाय उरत नाही. घासकाम पाण्याखाली व मास्क लावूनच करावे, कारण ही धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. एरवी मऊ ब्रश आणि साबणाचे पाणी पुरते.

नव्याने खरेदीचा विचार असेल, तर लक्षात ठेवावे की या दोन्ही जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ‘समुद्रात वाहून आलेला आहे’ हे विक्रेत्याचे उत्तर परवान्याच्या जागी चालत नाही.