जुन्या पॉइंट टू-टू रायफलचा ग्रुप लहान कसा करायचा

घरात आजोबांची शिकारीची .22 बोल्ट अ‍ॅक्शन (दर राउंडला हाताने बोल्ट मागे-पुढे करायची) रायफल आहे, लायसन नावावर झालंय, पण 50 मीटरवर गोळ्या कुठेही जातात, म्हणजे ग्रुप (एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा घोळका) मोठा पडतो, असं सांगणारे पुण्यात बरेच भेटतात. शिकार 1972 च्या कायद्याने बंद झाली ती झालीच, आणि शेतावर जाऊन चार राउंड उडवून बघू असलं काही डोक्यात आणू नका, परवानगी असलेल्या रेंजवरच जा. पण याच कॅलिबरने (गोळीच्या मापाने) काय होऊ शकतं ते नेमबाज स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ घेऊन दाखवलं, पोरगा बालेवाडीत प्रॅक्टिस करून घडलाय. त्या स्पर्धेत 50 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं. तुमच्या जुन्या रायफलकडून तेवढी अपेक्षा नको, पण आहे त्याच्या निम्मा ग्रुप बहुतेक वेळा नवीन बॅरल न घेता येतो.

आधी गोळी बदला, बाकी सगळं नंतर. लोक इथेच उलटं करतात, पहिले स्कोप घेतात मग ट्रिगर मग स्टॉक (दस्ता), आणि काडतूस मात्र दुकानात जे मिळेल ते. मोठ्या कॅलिबरमध्ये स्वतः पावडर मोजून राउंड भरता येतो, .22 रिमफायरमध्ये तो मार्गच नाही, प्रायमिंगचा (ठिणगी देणारा) मसाला काडतुसाच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे फॅक्टरीने दिलं ते दिलं. आणि प्रत्येक बॅरलला एखादीच गोळी मानवते, ती महागातलीच असेल असंही नाही. तीन-चार प्रकार घ्या, हाय व्हेलॉसिटी टाळा, स्टँडर्ड व्हेलॉसिटीची 40 ग्रेन वजनाची घ्या. ती आवाजाच्या वेगाच्या आतच राहते, हाय व्हेलॉसिटीवाली आवाजापेक्षा वेगात निघते आणि वाटेतच तो वेग ओलांडून खाली येते, तिथे डळमळू शकते, शिवाय वाऱ्यातही जास्त सरकते (ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे).

टेस्ट करताना पुढे-मागे वाळूच्या पिशव्या ठेवा. ब्रँड बदलला की पहिले दहा-पंधरा राउंड मोजायचेच नाहीत, प्रत्येक कंपनीचं गोळीवरचं मेण वेगळं असतं आणि बॅरलमध्ये त्याचा थर बसल्यावरच ग्रुप जमतो. मग पाच-पाच गोळ्यांचे निदान चार ग्रुप. एक सुंदर ग्रुप आला म्हणून फोटो काढून मोकळं होऊ नका, सरासरी बघा. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजायच्या आणि त्यातून गोळीची जाडी, म्हणजे साधारण 5.6 मिलिमीटर, वजा करायची.

आता रायफल. हात लावण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने बघा, दरवेळी. अ‍ॅक्शनचे (बोल्ट बसतो तो लोखंडी भाग दस्त्याला धरणारे) स्क्रू तपासा, लाकडी दस्ता पुण्याच्या पावसाळ्यात फुगतो आणि एप्रिल-मेमध्ये सुकून आकसतो, म्हणून जूनमध्ये नीट बसलेले स्क्रू उन्हाळ्यात ढिले मिळतात. टॉर्क रेंच असेल तर 15 ते 25 इंच-पाउंडच्या मध्ये प्रत्येक वेळी तोच आकडा ठेवा, जोर लावून आवळू नका, लाकूड दबतं. बॅरल फ्री फ्लोट (दस्त्याला कुठेच न टेकणारं) असेल तर बॅरल आणि दस्त्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून बघा, कुठे अडकते का. काही जुन्या रायफलींना बॅरलखाली मुद्दाम टेकू दिलेला असतो, तो समजून न घेता घासू नका.

सफाईबद्दल थोडक्यात: शिसं मऊ असतं, बॅरल दर वेळी चकाचक करायची गरज नाही, पण चेंबरच्या पुढे कार्बनची कडी जमते ती काढत जा. रॉड मागून, म्हणजे बोल्टच्या बाजूने घाला, पुढच्या तोंडाची कड खराब झाली तर ग्रुप कायमचा गेला. पावसाळ्यात रायफल कापडी कव्हरमध्ये ठेवू नका, ओल धरते आणि गंज येतो.

ट्रिगर जड असेल तर लायसनवाल्या गनस्मिथकडेच द्या, घरी स्प्रिंग कापणं हा जिवाशी खेळ आहे, बोल्ट जोरात बंद केल्यावर रायफल आपोआप सुटू शकते. घरी ड्राय फायर (काडतुसाशिवाय ट्रिगर ओढण्याचा सराव) करायचं तर स्नॅप कॅप (नकली काडतूस) घालूनच, नाहीतर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळते. स्कोप मोठ्या कॅलिबरचा असेल तर त्याचा पॅरॅलॅक्स बहुतेक 100 यार्डांवर सेट असतो, 50 मीटरवर डोकं जरा हललं की नेम सरकतो, त्यामुळे पॅरॅलॅक्स अ‍ॅडजस्ट होणारा घ्या किंवा गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकवा.

आणि वारा. ताशी 15-16 किलोमीटरचा आडवा वारा 50 मीटरवर या गोळीला दोन-अडीच सेंटीमीटर ढकलतो, म्हणून उन्हाळ्यात टेस्टिंग सकाळी लवकर उरका, दुपारच्या वाऱ्यात घेतलेल्या ग्रुपवरून गोळी वाईट ठरवू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत लिहा, आणि जी गोळी जमली तिच्या डब्यावरचा लॉट नंबर (कोणत्या खेपेत बनली तो) नोंदवून लायसनवरच्या मर्यादेत बसतील तेवढे त्याच लॉटचे डबे लगेच घेऊन ठेवा, पुढच्या लॉटला तोच ब्रँड असूनही वेगळा ग्रुप येऊ शकतो.