मॉड केलेल्या (कॉपी केलेले गेम चालतील असा बदल केलेल्या) पीएस 2 म्हणजे प्लेस्टेशन 2 वर, ओपीएल या पेनड्राइव्हवरून गेम चालवणाऱ्या प्रोग्राममधे जुना गेम काळ्या स्क्रीनवर अडकतोय?
आधी डिस्क उलटी करून बघा, खालून निळी असेल तर तो डीव्हीडी नाही, सीडी गेम आहे, सुरुवातीचे बरेच गेम असेच आलेत. त्याची कॉम्प्युटरवर कॉपी बिन-क्यू अशा दोन फाईल्समधे निघते, ओपीएलला ती नको असते, तिची आयएसओ ही एकच फाईल करून घ्या आणि पेनड्राइव्हवर सीडी (CD) नावाच्याच फोल्डरमधे टाका, डीव्हीडीच्या नाही, इथंच बऱ्याच जणांचा घोळ होतो. तरी नाही चालला तर ओपीएलमधे त्या गेमच्या सेटिंगमधला कम्पॅटिबिलिटी मोड 1, मग 2, मग 3, एका वेळी एकच, नाहीतर कशानं चाललं ते कळत नाही. माझा एक गेम अडलेला, पेनड्राइव्ह फॅट32 मधे फॉरमॅट करून फाईल परत टाकली आणि लगेच सुरू, फाईल तुकड्यातुकड्यात सेव्ह झालेली. गेममधला व्हिडिओ अडखळला तर घाबरू नका, पीएस 2 चं यूएसबी जुनं 1.1 आहे, स्लोच असणार.