प्लेटलेट कमी असलेला पेशंट घरी येतोय? आधी टॉर्च घ्या

मऊ ब्रश, इलेक्ट्रिक शेव्हर, बाथरूममध्ये न घसरणारी मॅट, हे सगळे सांगतातच. आणून टाका.

आता टॉर्च. रोज सकाळी पेशंटला तोंड उघडायला लावून गालांच्या आत, जिभेखाली, टाळूवर बघा. पायांवरचे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके सगळ्यांना दिसतात. तोंडातले काळपट, रक्ताने भरलेले फोड कोणी बघतच नाही. आमच्याकडे मागच्या वेळी हेच राहिलं, अख्खं घर रिपोर्टच्या आकड्याला चिकटलेलं. फोड दिसले की आकडा कितीही असो, त्याच दिवशी हिमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना, फोन. संध्याकाळच्या ओपीडीची वाट बघू नका.

आकडाही कळायला हवा. नॉर्मल प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. १० हजारांखाली आपोआप रक्तस्राव व्हायचा धोका बराच वाढतो. पण आयटीपीचा (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं तो आजार) एखादा पेशंट १५ हजारांवर घरात आरामात वावरतो, आणि ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, त्याच आकड्यावर ताप चढला तर डॉक्टर प्लेटलेट चढवायला घेतात. म्हणून म्हणतो, तोंडात बघा.

औषधांचा डबा उपसा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची औषधं बाहेर. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर मनाने बंद करू नका, विचारा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कमरेत इंजेक्शन तर अजिबात नको, स्नायूत रक्त साठतं. शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस आणतीलच. डेंग्यूतल्या प्लेटलेट ताप ओसरल्यावर आपसूक चढतात, श्रेय रसाला मिळतं. इथे आजार वेगळा आहे. काकूंना चहा द्या.

शौचाला कुंथावं लागू नये, एनिमा नको. पाळी जास्त जात असेल तर लाजून गप्प बसू नका. आणि हो, आज तोंडात बघितलंत का?

अचानक जोराचं डोकं दुखणं, उलट्या, बोलताना अडखळणं, डोक्याला मार: थेट इमर्जन्सी, ‘सकाळी बघू’ नाही. पुण्यात गणपतीत लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता बंद असतात. कुठून निघायचं ते आधीच ठरवा.

प्लेटलेट देणारे डोनर हेरून ठेवा. ३ दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेला चालत नाही. बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा विषय असेल तर सख्ख्या भावंडांचं रक्त डॉक्टरांना न विचारता देऊ नका. प्लेटलेटची पिशवी आणायला बर्फाचा डबा नको, त्या २० ते २४ अंशांवर ठेवतात. आणली की तडक वॉर्डात.