गच्चीवरची भाजी शिकवताना या चुका टाळा

इंदूरच्या वस्त्यांमध्ये कुंडीतल्या भाजीचे वर्ग घेताना सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे अर्धकच्चे खत. इथे घरोघरी ओला कचरा वेगळा काढण्याची सवय असल्याने माल आयताच मिळतो आणि त्यामुळेच घाई होते. एका वस्तीत आम्ही उद्घाटनाची तारीख आधी ठरवली आणि कचरा मागाहून कुजायला घातला. त्याला तीन आठवडेही झाले नव्हते, तरी पाहुण्यांना हिरवे काही दिसावे म्हणून तो कुंड्यांत भरायला मीच होकार दिला. चौथ्या दिवशी माती हाताला गरम लागू लागली, आठवड्याभरात पालकाची रोपे पिवळी पडली आणि चिलटांना कंटाळून शेजारच्या काकूंनी सगळ्या कुंड्या जिन्याखाली ढकलल्या. ‘घाण घरात आणायला शिकवता होय?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पुढे वर्षभर त्या गल्लीतून वर्गाला कोणीही आले नाही.

आता मी एका बादली ओल्या कचऱ्याला दोन बादल्या वाळका पाला घालायला लावतो आणि किमान तीन महिने ढिगाला वापरासाठी हात लावू देत नाही. त्यानंतरही मूठभर ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवतो. उघडल्यावर आंबूस वास आला, तर ते परत ढिगात जाते. दहा दिवसांत खत करून देणाऱ्या पुड्यांवर माझा विश्वास नाही, आणि त्या विचारत येणाऱ्या उतावळ्या शिकाऊंवर तर मुळीच नाही.

माळव्याची काळी माती कुंडीत नुसती भरू नये. वाळली की ती कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी मुळांना न मिळता बाजूने निघून जाते. नाल्याचे पाणी पालेभाजीला कधीही घालू नये.

दुसरी चूक आयोजकांची आहे. सकाळी अकराचा वर्ग ठेवायचा, धुण्याभांड्यांच्या कामावर गेलेल्या बायका आल्या नाहीत, की ‘वस्तीला रस नाही’ असे अहवालात लिहायचे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, पण भाजी स्वतःच्या पैशानेच घ्यावी लागते आणि महिनाअखेरीस आधी तीच कमी होते. त्यामुळे ज्यांच्यासाठी हे शिक्षण आहे, त्यांनाच वेळ आणि पीक ठरवू द्यावे. आमचा वर्ग आता रात्री साडेआठला असतो, आणि मी सुचवलेली ब्रोकोली नाकारून बायकांनी महिन्याभरात हाती येणारी मेथी निवडली आहे.