कापूस, कूलर आणि घरातली हवा

खान्देशात घरातली हवा शेतीच्या आणि उन्हाच्या हिशेबाने बदलते. दिवाळीच्या सुमारास वेचलेला कापूस भाव वाढण्याची वाट पाहत घरात येऊन पडतो आणि तो विकला जातो न जातो तोच खिडकीत कूलर बसतो. म्हणून सकाळच्या शिंका, डोळ्यांची खाज किंवा रात्रीचा खोकला सुरू झाला, की गेल्या काही दिवसांत घरात नवे काय आले, हे प्रथम पाहावे.

कापसाचा धागा नाकात जातो, असे आपण म्हणतो; पण खरा त्रास त्यातील वाळलेल्या पानांचा चुरा, माती आणि कीटकांचे अवशेष यांचा असतो. साठवण लांबली, की कापसातल्या अळ्यांवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे कोळी (माइट) माणसांनाही चावतात आणि अंगाला खाज सुटते. शक्य असल्यास कापूस वेगळ्या खोलीत ताडपत्रीवर ठेवावा आणि दार बंद ठेवावे. त्या खोलीत कोणी झोपू नये. मुलांना गंजीवर उड्या मारण्याचा मोह होतोच, तो मोडावा लागेल. तिथे केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसावे, कारण कोरड्या झाडण्याने बसलेली धूळ पुन्हा हवेत उडते.

कूलरकडे अधिक लक्ष द्यावे, कारण भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे निघाला, की तो दिवसरात्र चालतो. मागच्या वर्षीचे काळवंडलेले, कुबट वासाचे गवत तसेच वापरल्यास पहिल्याच दिवशी बुरशीचे कण खोलीभर पसरतात. म्हणून हंगामाच्या आरंभी गवत बदलावे आणि टाकी घासून धुवावी. पुढे दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करावी, म्हणजे डासांची वाढही थांबते. कूलर बाहेरची हवा ओढेल असाच बसवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत ओलावा साचतो, आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर राहिली, की गाद्यांमधील धुळीचे किडे वाढू लागतात.

या किड्यांवर आपले ऊन हा उत्तम उपाय आहे, पण तो अर्धाच. उन्हाने किडे मरतात. ॲलर्जी आणणारी त्यांची विष्ठा मात्र गोधडीतच राहते. त्यामुळे चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला सुमारे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत, आणि गाद्या-गोधड्या उन्हानंतर अंगणातच झटकाव्यात.

धुराबाबत थोडक्यात सांगायचे, तर भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजावीत, पण अंगणात आणि खिडकीपासून दूर. मसाला भाजताना एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा आणि मच्छर कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी. ॲलर्जीचा नसला, तरी सांगितलाच पाहिजे असा एक धोका म्हणजे धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू प्राणघातक असल्याने राहत्या घरात त्या कधीही वापरू नयेत.

एअर प्युरिफायर घ्यायचाच असल्यास हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरचा, खोलीच्या आकाराला पुरेसा आणि ओझोन न सोडणारा घ्यावा. तो बंद खोलीत चालतो, त्यामुळे कूलरबरोबर त्याचा फारसा उपयोग नाही. छातीतून घरघर येत असेल किंवा धाप लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि घरातली धूळ कमी झाली म्हणून चालू असलेला इनहेलर स्वतःहून थांबवू नये.