कपडा परत करायला गेल्यावर काउंटरवर काय आणि कसं बोलायचं

मागच्या लग्नसराईत आत्यासाठी मानाची साडी घेतली. फॉल-पिकोला टाकायच्या आधी आईने घरी ती पूर्ण उलगडली तर निऱ्यांच्या भागात वीतभर धागे ओढलेले आणि काठाला लागून एक भोक. दुसऱ्या दिवशी बिल, साडी, पिशवी सगळं घेऊन गेलो, तर आदल्या दिवशी ज्या काकांनी चहा मागवून चाळीस साड्या उलगडल्या होत्या त्यांनी आमच्याकडे धड बघितलंही नाही, "तुमच्याच घरी अडकली असणार कशात तरी" म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. आईचा चेहरा एवढासा झाला. पैशापेक्षा तिला त्या बोलण्याचं जास्त लागलं होतं, जाऊ दे गं चल म्हणून ती पायरी उतरायला लागली. मी तिला थांबवलं. पुढे जवळजवळ तास गेला, पण साडी बदलून मिळाली. आपल्याकडे कितीतरी बायका अशा पायरीवरूनच परत येतात आणि तो कपडा कपाटात तसाच पडून राहतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी घरीच स्वतःला विचारा की कपडा का परत करायचाय. कपड्यात दोष आहे, की माप चुकलंय, रंग आवडला नाही, सासूबाईंना पसंत पडला नाही? या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. दोष असेल तर तो तुमचा हक्क आहे. आवडला नाही किंवा साइज बसत नाही हे कारण असेल तर ते दुकानाच्या नियमावर आहे, नियमात बसत असेल तर बदलून मिळेल, नसेल तर ती विनंती आहे आणि विनंतीसारखीच करायची. दोष असताना गयावया करणारे आणि रंग आवडला नाही म्हणून कायद्याची धमकी देणारे असे दोन्ही प्रकार मी बघितलेत, दोघांचंही काम होत नाही.

हक्क म्हणतेय तो नेमका कुठून येतो तेही सांगते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे, जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे, आणि सदोष माल परत घ्यायला व त्याचे पैसे द्यायला नकार देणं हे त्या व्याख्येत स्पष्ट आलंय. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत. म्हणजे "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हा शिक्का किंवा भिंतीवरची पाटी दाखवून दुकानदार फाटका, विरलेला कपडा तुमच्या गळ्यात मारू शकत नाही. सेलमधल्या मालालाही हेच, फक्त दोष आधी सांगून त्यासाठीच स्वस्तात दिला असेल तर मग तक्रारीला जागा राहत नाही. बिल न देणंसुद्धा त्याच व्याख्येत बसतं, तेव्हा "बिल कशाला, बिनधास्त वापरा, काही होत नाही" म्हणणाऱ्याकडूनही बिल मागून घ्याच.

बिल थर्मल कागदावर असेल तर महिन्याभरात अक्षरं उडतात, घरी आल्या आल्या फोटो काढून ठेवायचा. टॅग तोडू नका. लहान मुलांच्या कपड्यांचे टॅग घालून बघायच्या गडबडीत सर्रास तुटतात, तेवढं सांभाळा. साडीला फॉल लावला, ब्लाउजपीस कापलं, पँट खालून दुमडून शिवून घेतली, की माप-रंगाच्या कारणासाठी कोणी परत घेणार नाही आणि त्यात त्यांचं चुकत नाही, तो कपडा आता दुसऱ्याला विकता येत नाही. आतले कपडे कोणी परत घेत नाही, ते घेऊही नये. आणि एक दिवस कार्यक्रमाला घालून, अत्तराचा वास आणि काखेत घामाचा डाग घेऊन परत करायला जाऊ नका, खरंच नका, असं करणाऱ्यांमुळेच पुढच्या खऱ्या गिऱ्हाइकाकडे संशयाने बघितलं जातं.

दोष दिसला की उजेडात तीन-चार फोटो काढा. एक पूर्ण कपड्याचा, एक दोषाचा जवळून, एक टॅगसकट. रंग जात असेल तर सगळा कपडा धुऊन बसू नका, आतल्या बाजूचा कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालाने चोळा आणि तो रुमाल बरोबर न्या. रुमालाला लागलेला रंग बघितला की "पहिल्या धुण्यात थोडा जातोच हो" हे वाक्य जरा हळू आवाजात येतं.

आता वेळ. हे कोणी सांगत नाही पण पेठांमधल्या, बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांमध्ये याने खूप फरक पडतो. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका. भवानी व्हायच्या आधी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री व्हायच्या आधी कोणी माल परत घेऊन आलं की दुकानदाराचा दिवस खराब जातो अशी त्यांची पक्की समजूत असते, तुमचा विश्वास असो नसो, त्या वेळी चांगला माणूसही तिरका बोलतो. साडेअकरा-बारा ही बरी वेळ. दुपारी एक ते चार लक्ष्मी रोडकडे जाणार असाल तर दुकान उघडं आहे का ते आधी फोन करून विचारा. संध्याकाळी, शनिवार-रविवारी, दिवाळीच्या आठ दिवसांत, रानडे रोडसारख्या गर्दीच्या ठिकाणी तर नाहीच. मुदत संपत आली असेल तर मात्र वेळकाळ बघत बसू नका, जा.

आत गेल्यावर विकणाऱ्या माणसापाशी गुंतू नका. हे मी त्या साडीच्या वेळी शिकले. आमच्याशी वाकडं बोलणारे काका स्वतः काहीच ठरवू शकत नव्हते. परत घ्यायचा अधिकार गल्ल्यावर बसलेल्या मालकाला असतो, मॉलमध्ये असेल तर फ्लोअर मॅनेजरला. बऱ्याच ठिकाणी विक्रीवर कमिशन असतं, माल परत आला की ते कापलं जातं, शिवाय वरून बोलणी बसतात ते वेगळंच. दिवसातले दहा-बारा तास तो माणूस उभा असतो. दुकानातल्या कामगारांना बसायला मिळावं म्हणून केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये कायद्यात बदल केला, म्हणजे बघा हा त्रास किती मोठा असेल. त्याचा राग तुमच्यावर निघतो हे बरोबर नाहीच, पण तो राग तुमच्यामुळे नाही हे एकदा कळलं की आपला आवाज आपोआप खाली राहतो. त्यामुळे सरळ म्हणायचं, "दादा, तुमच्याबद्दल तक्रार नाही, मला मालकांशी बोलायचंय." हे वाक्य खरं असतं आणि त्याने तो बाजूलाही होतो.

मालकासमोर बोलणं छोटं ठेवा. कधी घेतला, कितीला घेतला, काय दोष आहे, काय हवंय, एवढं चार वाक्यांत. "काल संध्याकाळी साडी घेतली, हे बिल. इथे भोक आहे, हे बघा. अजून फॉलसुद्धा लावलेला नाही. मला बदलून द्या किंवा पैसे परत द्या." मग गप्प बसायचं. गप्प बसणं फार अवघड जातं, आपण लगेच लग्न कधी आहे, पाहुणे कोण, आम्ही किती वर्षं इथूनच घेतो हे सगळं सांगत सुटतो आणि मूळ मुद्दा त्यात वाहून जातो.

"तुम्ही घालून आणलंय" असं म्हणाले तर चिडू नका. अपमान वाटतो मान्य आहे, पण इथे भांडण सुरू झालं की विषय कपड्यावरून तुमच्यावर जातो. "घातलेला असता तर घडी मोडली असती, तुम्हीच तपासा" म्हणून कपडा त्यांच्या हातात द्या. मुद्दाम दुर्लक्ष करत असतील, आत्ता येतो म्हणून गायब होत असतील, तर काउंटरवरून हलू नका, कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसलात की तुम्ही दिसेनासे होता. एखादा मुद्दाम मोठ्याने बोलतो, चार लोकांनी वळून बघावं म्हणून. त्याला आपण हळू आवाजात उत्तर द्यायचं, तोच मुद्दा, त्याच शब्दांत, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. आईला घेऊन गेलात तर बोलणारं एकच कोणीतरी ठेवा, दोघी एकदम बोलायला लागलं की गोंधळ होतो.

मॉलमध्ये तोंडावर वाईट कोणी बोलत नाही, तिथे "सिस्टम अलाऊ करत नाही मॅम" असतं. तेव्हा शांतपणे विचारा की हा नियम बिलावर कुठे छापलाय ते दाखवा. आणि दोष असेल तर क्रेडिट नोटवर, म्हणजे पैशांऐवजी त्याच दुकानात तेवढ्याची खरेदी करायच्या चिठ्ठीवर, गप्प बसायची गरज नाही, कायदा पैसे परत करण्याबद्दल बोलतो. आवडलं नाही म्हणून परत करत असाल तर क्रेडिट नोट घ्या, पण तिची मुदत तिथल्या तिथे वाचा. दोनावर एक फ्री अशा ऑफरमधला एक कपडा परत करताना छापील किमतीएवढे पैसे मिळत नाहीत, रक्कम वाटून धरतात, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. मोबाइल नंबर दिल्याशिवाय एंट्री होणार नाही म्हणाले तरी द्यायची सक्ती नाही, अशी जबरदस्ती करू नका असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्ये दुकानदारांना कळवलंय.

रस्त्यावरच्या खरेदीत, तुळशीबागेच्या बोळात किंवा फॅशन स्ट्रीटला, बिल नसतं, तिथे दोन मिनिटं जास्त घालवून शिवणी ओढून बघायच्या एवढंच.

इतकं करूनही नाहीच म्हणाले तर नकार लेखी मागा, नाही दिला तर घरी येऊन दुकानाला मेसेज किंवा ईमेल करा, तारीख, बिल नंबर, काय बोलणं झालं सगळं त्यात घाला. मग 1915 वर फोन लावा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. ते दुकानाला किंवा कंपनीला कळवून मध्यस्थी करतात, निकाल देत नाहीत, पण बऱ्याच ब्रँडवाल्यांचा सूर इथेच बदलतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते आणि आता स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे दादरहून घेतलेल्या साडीसाठी साताऱ्याच्या माणसाला मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. कागद कसे लावायचे कळत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था आहेत, ती तर 1975 पासून हेच काम करतेय. आठशेच्या कुर्त्यासाठी एवढं करायचं का ते तुम्ही ठरवा, बस्त्याच्या साडीसाठी मी नक्की केलं असतं.

आमच्यावर ती वेळ आली नाही. मालकांनी साडी स्वतः उजेडात धरली, भोक बघितलं, काकांना हाक मारून विचारलं ही तपासून दिली नव्हती का. आईने दुसरी अंजिरी रंगाची निवडली, ती अकराशेने कमी होती, ते पैसे रोख परत घेतले आणि नवीन बिल करून घेतलं, जुन्यावरच खाडाखोड करून देत होते ते नको म्हटलं. बदलून घेतलेली वस्तू बरीच दुकानं पुन्हा बदलून देत नाहीत, म्हणून आई ती साडी घेऊन थेट दाराशी गेली आणि एक टोक माझ्या हातात देऊन पदरापासून ब्लाउजपीसपर्यंत सगळी बघितली. दुसरं टोक त्याच काकांनी धरलं होतं.