मागच्या मालकाचं सामान घरात राहिलंय? या चुका टाळा

नाशिकचं सिडको असो, इंदिरानगर असो, जुन्या घराचा दस्त नोंदवला की आठवड्याभरात मला फोन येतो, "भाऊ, आत त्यांचं कपाट राहिलंय. ठेवू की टाकू?" हे त्यातल्या त्यात शहाणे. बाकीचे आधी टाकतात, मग फोन करतात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे रंगाऱ्याच्या आधी भंगारवाल्याला बोलावणं.

अंबडला नोकरी करणाऱ्या एका तरुणाने पंचवटीत दोन खोल्यांचं जुनं घर घेतलं. विकणाऱ्या मावशी मुलाकडे पुण्याला गेल्या. माळ्यावर तांब्याचा बंब, घंगाळं, दोन पितळी पातेली आणि एक पत्र्याची ट्रंक होती. सोमवारी रंगारी येणार म्हणून साहेबांनी रविवारीच भांडी वजनावर घालून सात हजार घेतले. ट्रंकेत "नुसते कागद" होते, ते सकाळच्या घंटागाडीत गेले. तीन आठवड्यांनी मावशी टेम्पो घेऊन दारात. पातेल्याच्या काठावर त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं, आणि त्या कागदांत यजमानांच्या पेन्शनची फाइल. हा म्हणतो, "घरासकट घेतलंय ना मी!"

नाही घेतलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 8 प्रमाणे घराबरोबर दारं, खिडक्या, कुलपं, किल्ल्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी बसवलेल्या वस्तू येतात. माळ्यावरची ट्रंक येत नाही. दुसऱ्याची वस्तू सापडली आणि ताब्यात घेतली, तर करार कायदा, 1872 चं कलम 71 तुम्हाला तिचा राखणदार ठरवतं. मालक कोण हे माहीत असून विकून खाल्ली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 314 आहे: कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि दंड. मावशींनी चौकीत अर्ज दिला तेव्हा कुठे पठ्ठ्या माझ्याकडे आला. माझ्या टेबलावर चाळीस हजारांवर मिटलं. फाइल गेली ती गेलीच.

माझी सवय सांगतो. दस्ताच्या आदल्या दिवशी दोघांना घेऊन घरात जायचं आणि माळा, बाथरूमवरची पोकळी, गॅलरीतली कपाटं सगळं उघडून बघायचं. मग दस्तात एक ओळ घालायची: अमुक तारखेपर्यंत सामान न नेल्यास ते खरेदीदाराचं. ही ओळ घालायला पाच मिनिटं लागतात, पण "वकील बघतील" म्हणत लोक तेवढीही थांबत नाहीत. ओळ राहिलीच असेल तर फोटो काढा, यादी करा, शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या आणि पंधरा दिवसांत सामान न्या असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. पंधरा हा कायद्यातला आकडा नाही, माझा आहे. व्हॉट्सअॅपवरही टाका, पण नुसत्या निळ्या टिकांच्या भरवशावर राहू नका.

"सहा महिने झाले, आता आपलंच" हेही चूक. गैरमार्गाने लाटलेल्या वस्तूसाठी दाव्याची मुदत तीन वर्षं असते, आणि ती मालकाला वस्तू कुणाकडे आहे हे कळल्यापासून सुरू होते. मालक शोधूनही सापडत नसेल, तर सापडलेली वस्तू विकायची मुभा आहे, पण ती नासणारी असेल किंवा सांभाळायचा खर्च किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला असेल तरच.

कुलूपबंद खोलीत भाडेकरूचं सामान असेल तर कुलूप तोडू नका. जुन्या मालकाच्या जागी आता तुम्ही आहात, भाडेकरू आपोआप जात नाही.

पार्किंगमधली धूळ खाणारी स्कूटर: आर. सी. ज्याच्या नावावर, त्याची. गॅसची टाकी तर विकणाऱ्याचीही नाही, कंपनीची.

पंखे, गीझर, इन्व्हर्टर यांच्यावरून होणारी भांडणं नुसत्या कलमाने सुटत नाहीत. यादी दस्ताला जोडा.

दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबाग घेताना वेली जमिनीबरोबर येतात. पण ऑक्टोबर छाटणीनंतर सौदा झाला तर वेलीवरचा माल कुणाचा, हे साठेखतातच, म्हणजे खरेदीआधीच्या करारातच, लिहा. फेब्रुवारीत व्यापारी बांधावर उभा असताना ही चर्चा करू नये.

जुन्या नाशकात वाडा पाडताना भिंतीत किंवा जमिनीत पुरलेलं काही निघालं आणि त्याची किंमत दहा रुपयांवर असली, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. सराफाकडे आधी जाऊ नका.

त्या अंबडच्या तरुणाने यंदा गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. आदल्या दिवशी आम्ही गेलो, तर माळ्यावर चढायला शिडी तोच घेऊन आला होता.